मतदान आणि सक्ती

निवडणूक आटोपली, निकाल लागले, गुलाल धुतला गेला, की आमच्या सुशिक्षित मंडळींत एक चर्चा ठरल्याप्रमाणे सुरू होते. शेकडा इतक्याच लोकांनी मत दिले, उरलेले घरी बसले. तेव्हा या घरबशांचे करावयाचे काय, हा त्या चर्चेचा विषय होय. उपायही बहुधा तयारच असतो. मत न देणाऱ्यास दंड करावा, त्याच्या सवलती बंद कराव्या, म्हणजे सारे ताळ्यावर येतील! आमचे एक स्नेही आहेत. ते अभियंता म्हणून सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असून हे मत फार आग्रहाने मांडीत असतात. त्यांचा हिशेब रोखठोक असतो. कर द्यावाच लागतो, मूल शाळेत घालावेच लागते, दुचाकीवर बसताना डोक्यावर टोप चढवावाच लागतो. मग ज्या मतावर सारे राज्य उभे आहे, तेवढेच काय ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि स्नेह्यांचा युक्तिवाद हसून सोडून देण्याजोगाही नाही. गोंदियात राज्यशास्त्र शिकवीत मला आता पंचवीसांवर वर्षे झाली. वर्गात हा विषय निघाला की मुलांचे दोन तट पडतात आणि दोन्हींकडे काही ना काही खरे असते. शिवाय अध्यापकाच्या वाट्यास निवडणुकीचे कामही येते. त्या कामाचा हुकूम हाती पडला की नाही म्हणण्याची सोय नसते. म्हणजे मत देणे अद्याप मर्जीवर असले, तरी मत घेणे आम्हांस केव्हाच सक्तीचे झालेले आहे! त्या निमित्ताने जे पाहिले आणि वाचनातून जे हाती लागले, त्यांचा मेळ घालून या प्रश्नाचा विचार करावा, असे योजिले आहे.

आपल्या भाषेत या क्रियेस मतदान म्हणतात. दान म्हटले की स्वेच्छा आली. सक्तीने घेतले तर त्यास दान न म्हणता खंडणी म्हणावे, असा एक चटकदार कोटिक्रम ऐकू येतो. मला तो पुरेसा वाटत नाही. शब्दाच्या फोडीवरून राज्याची धोरणे ठरू लागली, तर 'राजकारण' शब्दात राजा आहे म्हणून आपणांस एखादे सिंहासन धुंडाळीत हिंडावे लागेल. आणि मत ही केवळ माझी खाजगी चीज आहे, हेही खरे नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मत ही मतदाराच्या हाती सोपविलेली ठेव आहे. तिचा विनियोग त्याने सर्वांचे हित पाहून केला पाहिजे. माझ्या मताने जो निवडून येतो तो माझ्या शेजाऱ्यावरही कायदे लादतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे मिलचे म्हणणे पटते. तेव्हा मत देणे हे कर्तव्य आहे, याविषयी वाद नसावा. वाद उरतो तो एवढाच की, हे कर्तव्य दंडाच्या धाकाने करवून घ्यावे काय?

हा हक्क आपल्याकडे कसा आला, हे थोडे आठवून पाहावे. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे ३ कोटी. जमीनमहसूल, कर किंवा शिक्षण यांपैकी काही दाखविता येई त्यासच मत असे. स्वतंत्र भारताने ही चाळणी फेकून दिली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटींवर गेली आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तीवर त्याचे चिन्ह लाविले होते. याद्या करताना असे दिसून आले की, लाखो स्त्रिया आपले नावच सांगावयास तयार नाहीत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांची ओळख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्याचे नाकारले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. कठोर वाटणाऱ्या या निर्णयाने एक गोष्ट साधली. पुढच्या वेळी त्या बायांनी आपले स्वतःचे नाव उच्चारले. मताचा हक्क मिळाल्याने माणूस मोठा होतो तो असा. कोणी त्याला दंड केला म्हणून नव्हे.

आता आमच्याच मुलखातील एक प्रकरण सांगतो. मला ते या साऱ्या वादाचे मर्म वाटते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. त्यापूर्वीचा आमचा राजकीय इतिहास तो भंडाऱ्याचाच. पहिल्या निवडणुकीच्या वेळी हा प्रदेश मध्यप्रदेश राज्यात असून राजधानी नागपूर होती. भंडारा लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण व एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदारास दोन मते. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. परंतु ज्या विडीच्या पेढीत ते भागीदार होते तिचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता, या कारणाने त्यांच्या निवडीस हरकत घेण्यात आली. शिवाय राखीव जागेसाठी अर्ज करणारे गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत, अशा समजुतीने फेटाळण्यात आला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पंथ बदलला तरी ठवरे यांची जात सुटली नव्हती, सबब अर्ज चुकीने फेटाळला गेला, असे ठरून १९५४ साली ती सबंध निवडणूकच रद्द झाली. ज्या देशात एका माणसाचा अर्ज गैररीतीने नाकारला म्हणून लाखोंनी केलेले मतदान पुन्हा घ्यावे लागते, त्या देशाने मताची किंमत ओळखली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघांचे सहकार्य होते. त्यापूर्वी १९५२ साली मुंबईतही हे दोघे असेच जोडीने उभे होते आणि तेथे बाबासाहेबांचा साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला होता. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. विरोधकांनी दुसरे मत कुजविण्याचा प्रचार केला, असा आरोप करून दोघांनी निवडणूक-अर्जही केला होता, तो फेटाळला गेला. 'मत कुजविणे' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो याच काळात. दोन मतांपैकी एकच वापरावयाचे आणि दुसरे मुद्दाम वाया घालवावयाचे, असा त्याचा अर्थ.

भंडाऱ्यास कार्यकर्त्यांनी, मुंबईचा अनुभव गाठीशी असल्यामुळे, तोच डाव उलटविण्याचे ठरविले. इतर मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांस देतील याची शाश्वती नाही. तेव्हा आपल्या लोकांनीही एक मत बाबासाहेबांस द्यावे व दुसरे कुजवावे, असा त्यांचा हिशेब. बाबासाहेबांनी त्यास साफ नकार दिला, असे सांगतात. ज्याने राज्यघटना घडविण्यात मोठा वाटा उचलला, त्यानेच लोकांस मत वाया घालविण्यास शिकवावे, हे त्यांस मान्य होईना. पराभव पत्करीन, पण हे सांगणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. मत न कुजविल्यामुळेच ते हरले, असे म्हणण्यास आधार नाही आणि मी तसे म्हणत नाही. परंतु आपले नुकसान होण्याचा संभव दिसत असताही त्यांनी मतदारास पूर्ण मत वापरण्याचाच उपदेश केला, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे.

याच्या जोडीस दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याची चर्चा संसदेत चालू असता मतदान सक्तीचे करावे, अशी सूचना पुढे आली होती. तेव्हा व्यवहारातील अडचणी दाखवून बाबासाहेबांनीच ती अमान्य केली. म्हणजे मत कुजवू नये, असे आपल्या अनुयायांस बजावणारा आणि मताची सक्ती नको, असे संसदेस सांगणारा पुरुष एकच. वरवर पाहता ही विसंगती भासेल; परंतु कर्तव्य आणि कायदा यांच्यातील अंतर ज्यास ठाऊक आहे त्यास ती भासणार नाही. उपदेश अनुयायांस करावयाचा असतो. तो ऐकून मनुष्य स्वतः निर्णय घेतो. दंड मात्र अनुयायी आणि विरोधक, सशक्त आणि असहाय, सर्वांवर सारखाच कोसळतो.

आता सक्तीच्या पुरस्कर्त्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बेल्जममध्ये १८९३ पासून मतदान सक्तीचे आहे. ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत शेकडा साठाहून कमी लोकांनी मत दिले. १९२४ साली सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ च्या निवडणुकीत हे प्रमाण नव्वदाच्या वर गेले. कायद्याने माणसे केंद्रापर्यंत आणता येतात, हे यावरून सिद्ध होते. या पद्धतीचा खरा गुण याहूनही मोठा आहे. सर्वांनी मत द्यावयाचेच आहे असे ठरले, म्हणजे सर्वांस मत देता येईल अशी तजवीज करणे सरकारास भाग पडते. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी असते, आधी मत देण्याची सोय असते, दूरच्या वस्त्यांकडे फिरती केंद्रे जातात. राजकीय पक्षांसही केवळ आपल्या हुकमी गठ्ठ्यावर विसंबून भागत नाही. हे सर्व खरे आहे.

पण त्याच ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात एक पान असे आहे, की जे आमच्या जिल्ह्यातील मनुष्याने विशेष लक्ष देऊन वाचावे. १९२४ साली सक्ती आली तेव्हा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांस मताचा हक्कच नव्हता. तो त्यांस देशभर मिळाला १९६२ साली, आणि इतरांप्रमाणे सक्ती लागू झाली १९८४ मध्ये. ज्यांची जमीन आधी गेली, त्यांस मत शेवटी मिळाले. आणि मधली बावीस वर्षे मतदारयादीत नाव घालण्याची त्यांस मोकळीक होती, बंधन नव्हते. आमच्याकडे गोंड, हलबा आदी समाजांस पहिल्याच निवडणुकीपासून सर्वांबरोबर मत मिळाले. हा आपला मोठेपणा आहे. ज्या राष्ट्राने विश्वासाने आरंभ केला, त्याने धाकावर का यावे, असे मला वाटते.

सक्तीचा विचार करताना एक प्रश्न आमची मंडळी सहसा विचारीत नाहीत: मत न देणारा हा मनुष्य आहे तरी कोण? बोलणाराच्या मनात एक अडाणी, बेफिकीर खेडूत असतो. आकडे काही निराळेच सांगतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जंगलांनी आणि नद्यांनी व्यापलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात, ज्यात आमचा आमगाव विधानसभा विभाग मोडतो, शेकडा ७२ च्या जवळपास मतदान झाले. भंडारा-गोंदियात ते ६७ च्या आसपास होते. आणि दक्षिण मुंबईत, जेथे केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्ते गुळगुळीत आणि वर्तमानपत्र दारात, तेथे पन्नासाच्या घरात! म्हणजे घरबसेपणाचा रोग शिक्षणाने बरा होत नाही, कित्येकदा तो शिक्षणाबरोबर वाढतो. सक्तीची मागणी करणारा वर्ग आणि मत न देणारा वर्ग यांत पुष्कळ माणसे समाईक असावीत, असा मला दाट संशय आहे.

दूर कशास जा? माझा मुलगा बंगलोरास संगणकाच्या कामावर आहे. त्याचे नाव अजून गोंदियाच्या यादीत आहे. गेल्या दोन निवडणुकांस तो आला नाही. "बाबा, माझ्या एका मताने काय होणार?" हा त्याचा प्रश्न, आणि त्याला उत्तर देता देता माझी राज्यशास्त्राची पुस्तके अपुरी पडतात. तिकडे आमच्या घरी कामास येणाऱ्या बाईंचा नवरा हैदराबादेस इमारतीच्या कामावर असतो. धान निघाले की तो जातो आणि पावसाच्या तोंडी परत येतो. २०२४ च्या एप्रिलात तो दोन दिवसांची मजुरी सोडून, बल्लारशाहमार्गे उभ्याने प्रवास करून आला, मत दिले आणि त्याच रात्री परत गेला. उलट नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी त्याला मुकादमाने सोडले नाही. आमच्या स्नेह्यांची योजना मी त्याला सहज समजावून सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सरकारले दंड घ्याले येते, तं तिकीट द्याले काऊन नाही येत, सर?"

या प्रश्नापुढे मला स्नेह्यांचा हिशेब लंगडा दिसू लागला. शंभर रुपयांचा दंड माझ्या मुलास एका पेयाच्या किमतीचा. त्या मजुरास तो दिवसाच्या भाजीभाकरीचा. दंड दोघांस सारखाच, म्हणजे न्याय असमान. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देण्याचे बंधन १९९६ पासून कायद्याने मालकावर आहे, पण परगावच्या मुकादमापर्यंत तो कायदा क्वचितच पोहोचतो. घर सोडून पोटासाठी बाहेर राहणाऱ्यांस जेथल्या तेथे मत देता यावे, अशा यंत्राची योजना निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढे मांडली. त्यांचे एकमत झाले नाही आणि ती तशीच राहिली. आमच्याकडे एप्रिलात मोहफुले वेचण्याचे दिवस असतात, मेमध्ये तेंदूपत्त्याचे, नोव्हेंबरात धानाच्या कापणी-मळणीचे. वर्षातील कोणताही दिवस घ्या, गरिबाच्या हातात काम असतेच. ते सोडून तो रांगेत उभा राहतो, हेच नवल.

आणि रांगेत उभा राहूनही मत पडेलच, असे नाही. २०१८ साली भंडारा-गोंदिया मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तारीख होती २८ मे. आमच्याकडील मे महिना ज्याने सोसला आहे, त्यास या तारखेचा अर्थ सांगावयास नको. त्या दिवशी मतदानयंत्रे आणि त्यांस जोडलेली, मताची चिठ्ठी दाखविणारी यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली. लोक उन्हात ताटकळले, कित्येक परत गेले. अखेर ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. सक्तीचा कायदा असता तर परत गेलेल्यांकडून दंड वसूल करावयाचा की त्यांस भरपाई द्यावयाची? मतदाराचे कर्तव्य आणि राज्याचे कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. एकीवर दंड आणि दुसरीवर केवळ दिलगिरी, हा व्यवहार नव्हे.

याहूनही खोल असे एक कारण आहे आणि ते आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानांत सापडते. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील गावांनी अनेक वर्षे बंदुकीच्या सावलीत मतदान केले आहे. मत देऊ नका, असा नक्षलवाद्यांचा हुकूम असे. शाई लागलेले बोट ही संकटाची खूण ठरू शके. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही आमगाव व अर्जुनी-मोरगाव विभागांत मतदान दुपारी तीन वाजताच संपविण्यात आले, ते कर्मचारी आणि पेट्या उजेडी परत याव्यात म्हणून. आता ते भय पुष्कळ ओसरले आहे. २००९ च्या ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुकीस मी देवरी तालुक्यातील एका रानगावी केंद्राध्यक्ष होतो. सकाळी बराच वेळ कोणी फिरकले नाही. मग एक वृद्ध गोंड गृहस्थ आले. त्यांनी मत दिले, बाहेर पडताना खांद्यावरील फडक्याचे टोक शाईच्या बोटाभोवती गुंडाळले आणि पायवाटेने निघून गेले. त्यांच्या मागोमाग दोन तरुण बाया आल्या. त्यांनी बोटे झाकली नाहीत. दुपारपर्यंत गाव येऊन गेले होते.

त्या फडक्याचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या वृद्धास कोणी बोलाविले नव्हते. न येण्याची धमकी होती, येण्याची सक्ती नव्हती. म्हणूनच त्यांचे येणे हे त्यांचे स्वतःचे होते आणि बंदुकीस दिलेले ते सर्वांत स्पष्ट उत्तर होते. न येणाऱ्यास दंड आहे, असे असते तर? मग ते दोन हुकमांच्या कात्रीत सापडले असते: रानातला हुकूम म्हणतो जाऊ नको, कचेरीतला म्हणतो गेलेच पाहिजे. ज्याचे भय अधिक, त्याचे ऐकावयाचे! त्यांच्या मतातील धैर्य सक्तीने हिरावून नेले असते आणि बंदूकवाल्यांस म्हणता आले असते की, हे लोक सरकारच्या धाकाने येतात.

प्राचीन अथेन्समध्ये नागरिकांस सभेकडे हाकण्यासाठी लाल रंगात बुडविलेली दोरी बाजारातून ताणीत नेत, आणि रेंगाळणाऱ्यांच्या वस्त्रांवर तिचा डाग पडे, असे आरिस्टोफानीसच्या नाटकावरून दिसते. लोकशाहीच्या जन्मभूमीतही घरबसे होतेच, एवढे समाधान त्यातून मिळते! पण भेद पाहा. तेथे डाग पडे तो टाळाटाळ करणाऱ्यावर. आपण खूण करतो ती येणाऱ्याच्या बोटावर. त्यांचा डाग लाजेचा, आपली शाई मानाची. दोहोंपैकी कोणती रीत अधिक सुसंस्कृत, हे मी सुज्ञ वाचकांवर सोपवितो.

कोणी म्हणेल, सक्ती ठेवा आणि 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने तो पर्याय मिळाला, हे योग्यच झाले. परंतु त्याच निर्णयात मत न देणे हाही मतप्रदर्शनाचा एक प्रकार मानिला आहे, हे विसरू नये. एखाद्या गावाला वर्षानुवर्षे पूल मिळत नाही, पावसाळ्यात बाळंतिणीस खाटेवरून ओढा पार करवून न्यावे लागते. सारे अर्ज थकले म्हणजे ते गाव मतदानावर बहिष्कार टाकते. मला बहिष्काराचा मार्ग पसंत नाही. पण तो शांततेचा आहे, आणि त्या दिवशी तहसीलदार गावात धावत येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. अशा गावास आपण दंडाच्या नोटिसा धाडणार काय? गुजरातेत स्थानिक संस्थांपुरती सक्ती आणणारे विधेयक २००९ साली मांडले गेले, २०१४ मध्ये त्यास राज्यपालांची संमती मिळाली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलास स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगानेही सक्तीविरुद्ध आपला अभिप्राय दिला. नेदरलंडने १९१७ पासून चालविलेली सक्ती १९७० साली स्वतःच सोडून दिली. या गोष्टींवरून सक्ती सर्वत्र त्याज्य ठरते असे नव्हे. मात्र ती लोकशाहीचे अपरिहार्य लक्षण नाही, एवढे निश्चित ठरते.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. सक्ती करावयाचीच असेल तर ती आधी राज्यावर करावी. परगावी राबणाऱ्यास तेथूनच मत देता आले पाहिजे. केंद्रावर यंत्र बंद पडले तर ठरलेल्या अवधीत दुसरे आलेच पाहिजे. यादीतून नाव गळले तर ते का गळले, याचे उत्तर मतदारास न मागता मिळाले पाहिजे. वयोवृद्ध आणि अपंग यांच्या घरी जाऊन मत घेण्याची रीत २०२४ साली पाळली गेली, ती चांगली आहे. तिचा हात पार शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचावा. पगारी सुटीचा कायदा मुकादमाच्या तंबूपर्यंत जावा. इतके सर्व झाल्यावरही जे घरी बसतील, त्यांचा विचार मग करू. माझा अंदाज असा की, तेव्हा उरलेल्यांत मजूर थोडे आणि आपण सुशिक्षितच अधिक असू.

त्या उरलेल्यांस कायद्याने हाकण्यापेक्षा घरातल्या माणसांनी चार शब्द सांगावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटते. मुलाला मी हल्ली राज्यशास्त्र सांगत नाही. एका मताने काय होते, याचा हिशेब मांडून त्याला जिंकता येणार नाही, कारण हिशेब त्याच्याच बाजूचा आहे. मी त्याला एवढेच लिहिले की, आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या नवऱ्याचे मत आणि तुझे मत यांची किंमत या देशाने सारखी ठरविली आहे. ती सारखी राहावी असे तुला वाटत असेल, तर त्याने मोजलेली किंमत तूही कधी मोजून पाहा. अद्याप उत्तर आलेले नाही. पुढील निवडणुकीस तो येईल, की नाव बंगलोरच्या यादीत नेऊन तेथे मत देईल, की दोन्ही करणार नाही, हे मला सांगता येत नाही. परंतु जे काही करील ते दंडाच्या भयाने करणार नाही, एवढी मोकळीक त्याला असावी, असे बाप म्हणून आणि नागरिक म्हणूनही मला वाटते.